दोन बोटं जागा: टायर घासण्याचा प्रश्न आणि लोरायडरचा इतिहास

खाली बसवलेल्या गाडीचा टायर मडगार्डला घासत असेल तर काय करायचं, हा प्रश्न गॅरेजमधला. मेकॅनिक वाकून चाकाकडे बघतो, टायर आणि मडगार्डची कड यांच्यामध्ये दोन बोटं घालून पाहतो आणि उत्तर देतो. आजच्या लेखात तोच प्रश्न आहे, फक्त तो इतिहासाला विचारायचा आहे. जागा कॅलिफोर्निया, काळ साधारण १९४० पासून २०२४ पर्यंत, आणि गाड्या लोरायडर.

लोरायडर म्हणजे काय ते आधी सांगते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमध्ये घडलेली, मुद्दाम जमिनीलगत बसवलेली, रंगवलेली, चमकवलेली आणि मुद्दाम हळू चालवायची गाडी. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉट रॉडवाले जुन्या गाड्या हलक्या करून पळवत होते. त्याच सुमारास पूर्व लॉस एंजेलिसमधली पोरं स्वस्तात मिळालेल्या जुन्या शेवरोले घेऊन व्हिटियर बुलेव्हार्डवर रमतगमत फिरत होती. 'बाहितो इ सुआवेसितो', म्हणजे खाली आणि हळुवार, हे त्यांचं ब्रीद. गाडी पळवायची नसून दाखवायची होती, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

या गाड्यांचा इतिहास जिथे तिथे एका वाक्यात सांगितलेला सापडतो. ते वाक्य असं: १ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियात गाडी ठरावीक मर्यादेखाली बसवणं बेकायदा ठरलं, म्हणून १९५९ मध्ये रॉन अगिरे यांनी आपल्या कॉर्वेटला विमानातले हायड्रॉलिक पंप बसवले, पोलीस दिसला की बटण दाबून गाडी वर, पोलीस गेला की खाली. वाक्य छान आहे. कारण आहे, परिणाम आहे, नायक आहे आणि शेवटी पोलिसाची फजितीही आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी अशा वाक्यांपाशी जरा थांबायची सवय लावून घ्यावी. ते खोटं असतं म्हणून नव्हे, इथे तर तारखाही जुळतात. पण 'म्हणून' हा शब्द तारखांच्या मधे कोणी ठेवला, हे विचारायला हवं.

माझं म्हणणं असं की, वर-खाली होणाऱ्या गाडीची गरज कायद्याच्या आधीपासून होती आणि ती गरज चाक आणि मडगार्ड यांच्यातल्या दोन बोटं जागेतून आली होती. कायद्याने त्या गरजेला दंडाची पावती जोडली.

हे पटवायचं तर थोडं यंत्रशास्त्र बघावं लागेल. घाबरू नका, दहावीपुरतंच आहे.

गाडी खाली आणायच्या मुळात दोन वाटा आहेत. पहिली, टायर लहान करायचा. टायरची त्रिज्या समजा ३ सेंटीमीटरने कमी केली, तर अख्खी गाडी ३ सेंटीमीटर खाली येते. मडगार्ड आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर मात्र बदलत नाही, कारण दोघेही सारखेच खाली आले. टायर तेवढा लहान झाला, म्हणून टायरच्या माथ्यावरची मोकळी जागा उलट ३ सेंटीमीटरने वाढते. दुसरी वाट, स्प्रिंग लहान करायची. स्प्रिंग ३ सेंटीमीटर बसली तर बॉडी ३ सेंटीमीटर खाली येते, पण चाक जागेवरच राहतं. म्हणजे मोकळी जागा ३ सेंटीमीटरने कमी होते. रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच खाली दिसतील. एकीचा टायर घासेल, दुसरीचा घासणार नाही. दिसणारा परिणाम एकच असला तरी तिथवर यायची वाट वेगळी असू शकते, आणि मग पुढचे प्रश्नही वेगळे होतात.

आता घासण्याच्या खुणा. टायर हा चांगला साक्षीदार असतो. बाहेरच्या खांद्यावर गोलाकार ओरखडा असेल तर मडगार्डची आत दुमडलेली कड लागते आहे. आतल्या बाजूला चकाकी आली असेल तर चासी, स्प्रिंग किंवा शॉकअप जवळ आलंय. अगदी मधल्या नक्षीवर खूण असेल तर टायर चाकाच्या खणाच्या छताला लागतोय, म्हणजे गाडी खड्ड्यात पूर्ण दबते आहे. फक्त पुढच्या टायरला आणि फक्त वळताना आवाज येत असेल, तर चाक बाहेर आलेलं आहे. स्टिअरिंग फिरवल्यावर ते मोठ्या वर्तुळात फिरतं आणि मडगार्डच्या टोकाला गाठतं. कडेला आतून खडू फासून एक फेरी मारली की कुठे लागतंय ते टायरवर उमटतं. चारही दुखण्यांवर औषध एकच नाही. 'टायर घासतो' हे नुसतं लक्षण आहे, निदान नव्हे.

हे हातात घेऊन १९४० च्या दशकात परत जाऊ. त्या काळात गाडी खाली आणायच्या ज्या युक्त्या होत्या त्यांतली सगळ्यात गरीब युक्ती म्हणजे डिक्कीत वाळूची पोती. लोरायडरवरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात ती येते, बहुतेक वेळा गंमत म्हणून. मला ती या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू वाटते. पोती घातली की मागचे पाटे दबतात, गाडी बसते. पोती काढली की गाडी पुन्हा वर. म्हणजे उंची बदलण्याची सोय, ओबडधोबड का होईना, कायद्याच्या कितीतरी आधीपासून या लोकांकडे होती. त्यांना गाडी कायमची खाली नको होती. फिरायला जाताना खाली हवी होती.

कायमचे उपायही होते, आणि प्रत्येकाने आपापला त्रास दिला. स्प्रिंगचे वेढे कापायचे. आठ वेढ्यांपैकी एक कापला तर उरलेली स्प्रिंग साधारण १४ टक्के कडक होते, कारण कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. हे एका अर्थी बरंच: जागा कमी झाली, पण स्प्रिंग दबतेही कमी. ज्यांच्याकडे कापायला वेळ किंवा अवजार नव्हतं ते गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवायचे. ती मऊ होऊन गाडीच्या वजनाने आपसूक बसायची. हा उपाय फसवा. तापवल्याने पोलादाचं टेम्पर जातं, स्प्रिंग ठेंगणी होते, पण तिचा कडकपणा मात्र जवळपास आधीइतकाच राहतो. म्हणजे जागा गेली आणि बदल्यात काहीच मिळालं नाही. टायर पहिल्याच खड्ड्यात छताला भिडणार. शिवाय असं तापवलेलं पोलाद पुढे कधी दगा देईल सांगता येत नाही. मागे पाटे असलेल्या गाड्यांत ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचे. गाडी ठोकळ्याच्या उंचीइतकी खाली. मग टायरच्या आधी ॲक्सलच चासीला जाऊन आदळायचा. त्यासाठी ॲक्सलच्या वरचा चासीचा भाग अर्धचंद्रासारखा कापून, पत्रा वेल्ड करून मजबूत करायचा. त्या कापाच्या आकारावरून त्याला आजही 'सी नॉच' म्हणतात.

इथे एक साखळी दिसते. एक जागा मोकळी केली की अडचण शेजारच्या जागेत सरकते. स्प्रिंगकडून टायरकडे, टायरकडून ॲक्सलकडे, ॲक्सलकडून चासीकडे. आणि चासी कापून झाली की उरतो रस्ता.

रस्त्यापाशी कायदा उभा होता. कॅलिफोर्नियाच्या वाहनसंहितेतलं कलम २४००८ सांगायचं की, मूळ रचनेत फेरफार केलेल्या मोटारीचा चाकं सोडून कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या सगळ्यात खालच्या बिंदूपेक्षा खाली असता कामा नये. नीट वाचा. यात सेंटीमीटर नाहीत. कायद्याने ठरवलेली उंची म्हणजे जमीन आणि रिम यांच्यातलं अंतर, म्हणजेच टायरच्या भिंतीची उंची. कायदा टायरवर बेतलेला आहे.

तो तसा का, याचं कारण शोधायला गेलं तर हॉट रॉडवाल्यांच्या शब्दकोशात सापडतं. ते लोक 'स्क्रब लाइन' नावाची एक काल्पनिक रेघ मानतात: रिमच्या तळाला टेकून चारही चाकांमधून ओढलेली. या रेघेखाली गाडीचा कुठलाच भाग यायला नको, कारण टायर फुटला की गाडी रिमवर बसते, आणि त्या वेळी स्टिअरिंगचा दांडा किंवा चासी रस्त्याला लागली तर ताबा जातो. म्हणजे कलम २४००८ मधली भूमिती अडाण्याने लिहिलेली नव्हती. लोरायडरच्या बाजूने लिहिताना हे सांगायचं राहून जातं. मला ते सांगणं गरजेचं वाटतं, कारण कायद्याची भूमिती योग्य असणं आणि त्याचा वापर न्याय्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजकुरात कुठल्याही समाजाचं नाव नाही. पण गाडी खाली बसवणारे कोण होते, कोणत्या रस्त्यावर फिरत होते आणि कोणाला थांबवून मोजपट्टी लावली जात होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेक्सिकन-अमेरिकन तरुणांना थांबवायला हे एक सोयीचं निमित्त झालं, असं त्या समाजाची आठवण सांगते आणि पुढच्या अभ्यासकांनीही तसंच मांडलं आहे.

जाता जाता तुलना. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट करताना, नोंदणी प्रमाणपत्रातल्या, म्हणजे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही असं सांगितलं. म्हणजे आपला कायदा गाडी कागदाशी ताडून पाहतो. कॅलिफोर्नियाचा कायदा गाडी तिच्याच चाकाशी ताडून पाहत होता. पळवाटाही त्यामुळे वेगळ्या निघतात. कागदाशी तुलना असेल तर कागदातून वाट शोधावी लागते. चाकाशी तुलना असेल तर ज्या क्षणी मोजलं त्या क्षणी चाक आणि बॉडीचं नातं बरोबर असलं की झालं.

हा 'ज्या क्षणी' महत्त्वाचा. अगिरे यांनी वडिलांच्या मदतीने युद्धानंतर भंगारात निघालेल्या विमानांचे पेस्को कंपनीचे पंप आणि झडपा आपल्या 'एक्स-सॉनिक' नावाच्या कॉर्वेटला बसवले, तेव्हा त्यांनी उंची या स्थिरांकाचं चल करून टाकलं. आता गाडीची उंची किती, या प्रश्नाला एकच उत्तर उरलं नाही. विज्ञानशाखेतून आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. एखादं समीकरण दोन अटींमध्ये सुटत नसेल, तर ज्याला आपण अचल धरून बसलोय ते खरंच अचल आहे का, ते बघायचं असतं.

पण अटी दोन होत्या, हे विसरू नका. एक अट पोलिसाची: चालताना रिमच्या रेघेच्या वर रहा. दुसरी मडगार्डची: चालताना टायरला दबायला जागा ठेव. दोन्ही अटी चालत्या गाडीच्या आहेत आणि दोन्ही एकाच दिशेला ढकलतात, वर. उभ्या गाडीला दोन्हींतलं काहीच लागू होत नाही. उभी गाडी खड्ड्यात आदळत नाही आणि तिचं स्टिअरिंगही कोणी फिरवत नाही. हायड्रॉलिक्सने एकाच फटक्यात दोन्ही सोडवलं. कायदा नसता तरी दुसरी अट उरली असतीच. आणि वाळूची पोती आठवा, ती तर कायद्याच्या आधीचीच.

इथे कोणी म्हणेल की उंची बदलणारी गाडी सित्रोएनने १९५५ मध्येच आणली होती. बरोबर आहे. पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या डीएस या मॉडेलमध्ये दांडा सरकवून गाडी वर-खाली करता यायची. पण त्या गाडीत स्प्रिंगचं काम नायट्रोजन वायू करायचा आणि तेल त्याला उंची द्यायचं. हेतू होता मऊ, सपाट प्रवास. लोरायडरमध्ये वायू नव्हता. मूळची पोलादी स्प्रिंग तशीच, तिच्या डोक्यावर तेलाचा सिलिंडर, डिक्कीत विजेवर चालणारा पंप आणि बॅटऱ्यांची रांग. पुढे विमानाचे पंप मिळेनासे झाले तसे ट्रकच्या मागच्या उचलफळीचे पंप आले. तेल दबत नाही, त्यामुळे गाडी हादरे खायची, उसळायची. त्या उसळण्याचाच पुढे खेळ झाला, स्पर्धा झाल्या. दोन शोध दिसायला भाऊ वाटले तरी एकाच घरातले नाहीत. एक प्रयोगशाळेतून निघाला, दुसरा भंगारवाल्याकडून. 'पहिला कोण' हा प्रश्न विचारण्याआधी 'कशासाठी' हा विचारला की अर्धे वाद संपतात.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग. लोरायडर म्हटलं की १९५८ ते १९६४ च्या शेवरोले इम्पाला डोळ्यांपुढे येतात. त्या सुंदर आहेतच, पण त्यांची चासी बघा. या वर्षांत शेवरोलेने इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराची चासी वापरली. दारांच्या खाली लांबलचक आडवे गर्डर नाहीत, सगळा भार मधल्या फुलीवर. १९६५ मध्ये ती बदलली. त्याच वर्षांत मागच्या बाजूला पाट्यांऐवजी गोल स्प्रिंगा होत्या, म्हणजे वर सिलिंडर बसवायला आयती जागा. शेवरोलेने हे लोरायडरवाल्यांसाठी केलेलं नव्हतं. पण जमिनीलगत बसायला आणि हायड्रॉलिक्स घ्यायला ही गाडी जणू तयारच होती. 'त्या गाडीची शान' या सांस्कृतिक स्पष्टीकरणाच्या शेजारी हे लोखंडी स्पष्टीकरणही ठेवायला हवं.

इम्पालाला कंपनीतून ७.५० × १४ मापाचे टायर यायचे. लोरायडरवाल्यांनी, विशेषतः १९७० च्या दशकात, तिथे ५.२० मापाचे चढवले. प्रीमियम स्पोर्टवे नावाच्या टायरची तर इतकी ख्याती झाली की नुसतं 'फाइव्ह-ट्वेंटी' म्हटलं की पुरे. आकडे इंचांत आहेत. रुंदीतला फरक २.३० इंच, म्हणजे सुमारे ५८ मिलिमीटर. रिम मध्यावरून हलली नाही असं धरलं तर प्रत्येक बाजूला सुमारे २९ मिलिमीटर जागा मोकळी झाली. अरुंद टायर उंचीलाही कमी असतो, त्यामुळे माथ्यावरही जागा वाढली. ही पहिली वाट होती: गाडी खाली आली आणि जागा वाढली. एवढंच नाही, रिम तीच ठेवून टायर लहान केला की बॉडी जितकी खाली येते तितकीच रिमही खाली येते. कलम २४००८ ची रेघ गाडीबरोबरच खाली सरकली! कायद्याला पत्ताच लागला नाही. हे छोटे टायर 'शैली' म्हणून नोंदवले जातात आणि ती शैली होतीच, पण घासण्यावरचा एवढा स्वस्त आणि चोख उपाय दुसरा नाही. फुकट मात्र नाही. छोट्या गाडीचा टायर दीड टनाच्या वरच्या इम्पालाखाली घातल्यावर तो त्याच्या भारमर्यादेच्या काठावर चालतो, आणि वेग वाढवला की महागात पडतो. हळू चालवायच्या ब्रीदामुळे हे निभावून गेलं. खाली आणि हळुवार हे दोन शब्द एकत्र आहेत, ते उगीच नाही.

हायड्रॉलिक्सनेही स्वतःचं घासणं आणलं. हा भाग कुठल्याही लोकप्रिय इतिहासात सापडणार नाही, पण गाडी बांधणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. १९६० च्या सुरुवातीच्या इम्पालात मागचा ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो. त्याचं एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. दांड्याचं टोक सरळ वर-खाली जात नाही, कमानीत फिरतं. दांडा एक मीटर लांब आणि आडवा आहे असं धरा. ॲक्सल ५ सेंटीमीटर हलला तर तो बाजूला सरकतो साधारण सव्वा मिलिमीटर. कोणाला कळणारही नाही. पण हायड्रॉलिक्सने २० सेंटीमीटर हलवला तर सरकतो सुमारे २० मिलिमीटर. अंतर चौपट, सरकणं सोळापट. पायथागोरसने करून बघा. आणि ते २० मिलिमीटर नेमके एका बाजूच्या मडगार्डकडे जातात. म्हणून अशा गाड्यांत एकच बाजू घासते आणि नवखा माणूस मडगार्ड ठोकत बसतो. खरा उपाय दांड्यात असतो: लांबी बदलता येईल असा दांडा, किंवा दांडा काढून टाकून त्या जागी वाय आकाराचा जोड, जो ॲक्सलला मधोमध धरून ठेवतो.

मागच्या चाकावर झाकणासारखा बसणारा स्कर्ट हवा असेल तर अजून एक अडचण. १३ इंची तारांची चाकं, ज्यांची रिम बाहेरच्या बाजूला काढलेली असते, ती स्कर्टमध्ये मावत नाहीत. मग मागचा ॲक्सल दोन्ही बाजूंनी कापून आखूड करायचा. हे लेथवरचं काम आहे, खर्चिक आहे आणि जराही वाकडं झालं तर बेअरिंग खातं. एका झाकणासाठी अख्खा ॲक्सल कापायचा! पण बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चाक अर्धं लपलेलं हवं, एवढ्यासाठी लोकांनी ते केलं.

जगात इतरत्र याच दोन बोटं जागेची उत्तरं वेगळी निघाली. जपानमध्ये, जिथे तपासणीत जमिनीपासून ९ सेंटीमीटर अंतर आणि टायर मडगार्डच्या आत, अशा दोन्ही अटी आहेत, तिथे मडगार्डची आतली कड सपाट दुमडून टाकायची पद्धत रुळली. तिला ते 'त्सुमे-ओरी' म्हणतात, नख दुमडणं. त्यापुढे जाऊन चाकाचा माथाच आत झुकवायचा. ३० सेंटीमीटर त्रिज्येचं चाक ५ अंश झुकवलं तर माथा सुमारे २६ मिलिमीटर आत जातो. टायरची आतली कड मात्र झिजून जाते. आणि 'मोजताना एक, चालताना एक' ही युक्ती १९८१ मध्ये थेट फॉर्म्युला वनमध्ये दिसली. गाडीखाली ६ सेंटीमीटर जागा हवी, असा नियम झाला. ती मोजायची गाडी उभी असताना. गॉर्डन मरे यांनी ब्रॅबमच्या गाडीला असं सस्पेन्शन दिलं की वेगात हवेच्या दाबाने गाडी खाली बसायची आणि परत येताना हळू झाली की वर यायची. लोरायडरच्या बरोबर उलटं: तिथे चालताना वर, उभी असताना खाली. त्या वर्षीचं विजेतेपद त्याच गाडीत नेल्सन पिके यांनी घेतलं. मरे यांना प्रतिभावान अभियंता म्हटलं जातं, आणि ते आहेतच. अगिरे यांच्याबद्दल लिहिताना मात्र शब्द येतो 'शक्कल'.

हा शब्दांतला फरक साधनांमधूनही येतो. फॉर्म्युला वनची आरेखनं असतात, नियमांचे छापील मसुदे असतात. लोरायडरचा लिखित पुरावा उशिरा सुरू होतो. 'लोरायडर' हे मासिक सॅन होजे स्टेटच्या विद्यार्थ्यांनी १९७७ मध्ये काढलं, म्हणजे कायद्यानंतर जवळपास वीस वर्षांनी. मधल्या काळासाठी आठवणी आहेत, फोटो आहेत आणि गाड्या आहेत. बेन चॅपेल यांच्या २०१२ च्या 'लोरायडर स्पेस'सारखी पुस्तकं मानववंशशास्त्राच्या अंगाने गाड्यांसोबत फिरतात, आणि ती वाचायलाच हवीत. पण चासीवरचा वेल्ड, कापलेल्या स्प्रिंगचं टोक, आखूड केलेला ॲक्सल हीसुद्धा कागदपत्रंच आहेत. ती वाचायला पान्याची आणि टॉर्चची गरज लागते एवढंच. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात न्यू मेक्सिकोच्या चिमायो गावची 'डेव्हज ड्रीम' ही १९६९ ची फोर्ड एलटीडी आहे. लोक तिचा रंग बघून पुढे जातात. संशोधक म्हणून गेलात तर गुडघ्यावर बसा आणि चाकाच्या खणात बघा.

आता माझ्याच म्हणण्याची परीक्षा. कॅलिफोर्नियाने एबी ४३६ हा कायदा २०२३ मध्ये मंजूर केला आणि १ जानेवारी २०२४ पासून कलम २४००८ रद्द झालं. फेरफटका मारण्यावर स्थानिक पालिकांनी घातलेल्या बंद्याही त्यातून गेल्या. आता विचार करा: हायड्रॉलिक्स जर फक्त पोलिसासाठी असतील तर त्यांची गरज संपायला हवी होती. तसं काही झालेलं नाही. मग माझा मुद्दा सिद्ध झाला का? नाही. कारण २०२४ पर्यंत उसळणं, तीन चाकांवर चालणं हे सगळं स्वतंत्र कला होऊन बसलं होतं, ते कायद्यासाठी कोणी करतच नव्हतं. शेवटाकडून आलेला पुरावा सुरुवातीबद्दल फारसं बोलत नाही. माझ्या बाजूने भक्कम पुरावा आहे तो १९५८ च्या आधीचा, म्हणजे पोत्यांचा. विरुद्ध बाजूचा भक्कम पुरावाही आहे: पोती अनेक वर्षं चालली, आणि पंप नेमके कायद्यानंतरच आले. पंप तर युद्ध संपल्यापासून भंगारात पडून होते. म्हणजे दंडाच्या पावतीने घाई केली, हे मलाही मान्य करावं लागतं. गरज मडगार्डची आणि मुहूर्त पोलिसाचा, इतपत मी जाईन.

याचा निकाल लावायचा असेल तर ज्या राज्यांत असं कलम नव्हतं तिथल्या त्या काळच्या गाड्या शोधाव्या लागतील, आणि तिथे पंप कधी पोचले ते बघावं लागेल. एखाद्या विद्यार्थ्याला विषय हवा असेल तर हा घ्या, मोकळा आहे. सुरुवात जुन्या मासिकांच्या सुट्या भागांच्या जाहिरातींपासून करा, लेखांपासून नको. स्कर्टच्या आत जागा करून देणारे, ॲक्सल कापून देणारे, पंप विकणारे सगळे तिथे आपलं गाव आणि किंमत छापून बसलेले असतात.